विकेल ते पिकेल, खायचे काय?

ऑगस्टात वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा. मालेगाव घ्या, रिसोड घ्या, मंगरूळपीर घ्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन. नजर पोहोचेल तिथवर हिरवेगार. आणि त्या हिरव्यातले एक पानही संध्याकाळच्या भाजीत पडत नाही.

खरिपात जिल्ह्याच्या बहुतांश जमिनीवर हे एकच पीक उभे असते. ओळींत थोडी तूर, कुठे कपाशी, पुढे रब्बीला हरभरा. याच शेतात राबणाऱ्या बाईच्या घरी भाजी येते ती आठवडी बाजारातून. बाजार आठवड्यातून एकदा. पालेभाजी टिकते दोन दिवस. उरलेले पाच दिवस?

आलू, बेसन आणि चटणी.

यावर एक उत्तर कायम तयार असते. लोकांना पोषणाचे महत्त्व कळत नाही, जागृती करा. म्हणून २०१८ पासून दर सप्टेंबरात ‘पोषण माह’ साजरा होतो. अंगणवाडीत भाज्यांची रांगोळी निघते, फलक लागतात, शपथ होते. ज्या बाईला पालक खा म्हणून सांगायचे, तिला पालक चांगला ओळखता येतो. तो मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. यातली कोणती अडचण शपथेने सुटते?

हिशेब करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी. किलोला चाळीसच रुपये धरू. झाले ऐंशी. फळांचा विचारच नको.

महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ठरली ३१२ रुपये. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या घामातला चौथा हिस्सा नुसत्या भाजीला. तोही रोज काम असेल तर. बारा महिने रोज काम कोणाला असते?

त्याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाची निघाली. आपण त्यांना लोहाच्या गोळ्या देतो. द्याव्यातच. पण गोळी हा उपचार आहे, जेवण नव्हे. ज्या ताटात हिरवे काही नाही, त्याला गोळी किती वर्षे पुरणार?

हे पूर्वीपासून असेच होते का? मुळीच नाही.

वऱ्हाडातल्या जुन्या शेतात ज्वारी होती, तूर होती, मूग-उडीद होते. धुऱ्यावर अंबाडी आणि वाल होता. कपाशीच्या शेतात चवळी आणि काकडीचे वेल असत. ते विकायला लावलेले नसत, घरासाठी लावलेले असत. घरची बाई पेरणीच्या वेळी मूठभर बी वेगळे राखायची आणि कोणाला न विचारता टाकायची. त्या मूठभर बियाण्यावर घराच्या चार महिन्यांच्या भाज्या निघत.

शिवाय फुकटची भाजी होती. निंदायला गेलेली मजूर बाई परतताना ओट्यात काहीतरी घेऊन यायची. तरोटा, केना, कुंजरू, घोळ, चिवळ. पावसाळ्याचे तीन महिने चुलीवर रोज वेगळे पान. मालक हटकत नसे. त्याच्या लेखी ते तण होते.

मग तणनाशक आले.

शेतकऱ्याला दोष देऊ नका. निंदायला माणसे मिळेनात, मजुरी वाढली, पावसाची उघडीप दोन दिवसांची. फवारणी स्वस्त आणि झटपट पडते. पण एका फवाऱ्यात मजूर बाईच्या दोन गोष्टी गेल्या, निंदणाचा रोज गेला आणि ओट्यातली भाजी गेली. पहिल्याची नोंद कोणीतरी ठेवली असेल. दुसऱ्याची कोणी ठेवली?

आता कृषी विभाग दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव घेतो. उपक्रम चांगला आहे. रानभाज्या टेबलावर मांडल्या जातात, त्यांचे गुण फलकावर लिहिले जातात, शहरातली माणसे कौतुकाने विकत नेतात. ज्या भाज्या गरिबाला फुकट मिळत, त्यांना आता दर लागतो.

मग शेतकरी भाजीपाला का लावत नाही? दहा गुंठे तरी? विचारून पाहा. उत्तरे तोंडपाठ आहेत आणि एकही खोटे नाही.

पहिले उत्तर पाणी. सोयाबीन पावसावर येते. मेथी-पालकाला, वांग्या-टमाट्याला मार्च-एप्रिलात पाणी लागते. ज्याची विहीर तोवर टिकते तो भाजी लावतो. बाकीचे आभाळाकडे पाहतात. पैनगंगा, अरुणावती, अडाण या नद्या याच जिल्ह्यातून वाहतात. उन्हाळ्यात कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांचा उपयोग शून्य.

दुसरे वीज. शेतीला थ्री फेज पुरवठा आलटून पालटून, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोनला मोटार सुरू करायला कोण जाणार? बाई जाऊ शकत नाही. म्हणजे भाजीचा मळा बाईच्या हातून आपोआप निसटला.

तिसरे जनावरे. रोही आणि रानडुकरे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. वन्यजीव जपलेच पाहिजेत. पण ज्याच्या वांग्यांत रात्री कळप शिरतो त्याने काय जपायचे? तारेचे कुंपण दहा गुंठ्यांना परवडत नाही. पंचनामा होतो, पैसे येईपर्यंत पुढचा हंगाम उलटतो.

चौथे हमी. केंद्राची किमान आधारभूत किंमत बावीस पिकांना आहे. त्यात सोयाबीन आहे, तूर आहे, हरभरा आहे. मेथी नाही, वांगे नाही, भेंडी नाही. पीक विम्याच्या यादीतही तेच. बँक कर्ज देते तेही ठरलेल्या पिकांवर. सरकार ज्याच्या पाठीशी उभे राहते तेच शेतात उभे राहते. यात नवल कसले?

पाचवे बाजार. गावातला टमाटा गावात विकायला जागा नसते. तो पहाटे कॅरेटमधून तालुक्याच्या हर्राशीत जातो. हमाली कापली जाते, तोलाई कापली जाते. मग तोच टमाटा किरकोळ विक्रेत्याच्या हातगाडीवरून चढ्या दराने त्याच पंचक्रोशीत परततो. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२४ च्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याच्या हाती पडतात टमाट्याला ३३ पैसे, कांद्याला ३६, बटाट्याला ३७. पिकवणाऱ्याला कमी पडले आणि खाणाऱ्याला महाग पडले. दोघे शेजारी राहतात!

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली. निर्णय योग्य होता. पण आवाराबाहेर काय आहे? चिखल. गावात पत्र्याचे छप्पर नाही, ओटा नाही, नळ नाही. शेतकरी आठवडी बाजार उभे राहिले ते पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत. तिथल्या ग्राहकाला ताजी भाजी मिळावी, त्याबद्दल तक्रार नाही. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या बाईने काय पाप केले?

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने घोषणा दिली, ‘विकेल ते पिकेल’. बाजार पाहून पेरा. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे यावेत हा हेतू चांगलाच. पण मजुराच्या खिशात पैसा नाही, म्हणजे त्याची भूक ‘विकेल’ या हिशेबात धरलीच जात नाही. ज्याची मागणी बाजाराला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पेरायचे कोणी?

चिया पाहा. गेल्या काही वर्षांत वाशिम जिल्ह्यात चियाचे पीक चांगले रुजले. पाणी कमी लागते, जनावरे तोंड लावत नाहीत, भाव बरा मिळतो. शेतकऱ्याने जरूर लावावे. हे बी जाते कुठे? महानगरांतल्या आणि परदेशातल्या आरोग्य सांभाळणाऱ्यांच्या न्याहारीत. त्यांचे पोषण वाशिमच्या मातीतून होते. वाशिमच्या मुलांचे?

संत्र्याचेही तेच. मंगरूळपीर-कारंजा पट्ट्यात बागा आहेत. व्यापारी बाग उभीच मागतो, ट्रक भरून माल बाहेर जातो. तोडणीला आलेल्या मजुराच्या मुलाच्या हाती लागते ते गळलेले फळ.

आता रेशन. वाशिम जिल्ह्यातले गरीब उपाशी नाहीत, आणि याचे श्रेय रेशनलाच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. ही मोठी गोष्ट आहे, तिला नावे ठेवणाऱ्याने एकदा पाच किलोंवर महिना काढून दाखवावा.

पण पोट भरणे आणि पोसणे यात अंतर आहे.

पोत्यात गहू आणि तांदूळ येतो. मुळात याच कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, परिषदा झाल्या, मेजवान्या झाल्या. ज्वारी ज्या वऱ्हाडाची भाकर होती, तिथल्या रेशनच्या पोत्यात ती हक्काने आणि बारमाही कधी येणार? इथली ज्वारी, इथली तूर सरकारने इथेच घ्यावी आणि इथेच वाटावी. यात अवघड काय आहे?

आणखी एक गोष्ट. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत वाशिम आहे. तिथल्या केशरी कार्डावरच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून स्वस्त गहू-तांदूळ मिळत होता. २०२३ मध्ये धान्य बंद झाले आणि त्याऐवजी खात्यात माणशी महिना १५० रुपये ठरले. पुढे ते १७० झाले. दिवसाला सहा रुपयेही नाहीत. सहा रुपयांत सांभारची जुडी येते का?

२०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. सण गोड झाला, ठीक. पण राज्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्यात पामतेल? हरभऱ्याच्या जिल्ह्यात मुंबईत ठरलेल्या खरेदीची डाळ? त्याच संचातली डाळ आणि तेल जिल्ह्यातच घेतले असते तर शंभर रुपयांचा आनंद दोनदा झाला असता. एकदा खाणाऱ्याला, एकदा पिकवणाऱ्याला.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात शेतकऱ्याने विकले चार हजारांच्या आसपास. तोच शेतकरी पुढच्या महिन्यात दुकानातून तेलाची पिशवी घेतो, पूर्ण भावाने. विकताना बाजारभाव, घेताना छापील भाव. दोन्हीकडून मार त्यालाच.

तेल काढल्यावर उरते ती पेंड. ती कोंबडी खाते. कोंबडीचे अंडे शहर खाते. सोयाबीन सोंगणाऱ्या मजुराच्या मुलाला अंडे मिळेल असा एक मार्ग होता, शाळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले. ज्या गावात लोकांच्याच ताटात अंडे नाही तिथे सहभाग कोणी द्यायचा?

शाळेचे जेवण तर भाजीसाठी सगळ्यांत सोपी जागा. नियम आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. आणि पैसे? मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. धान्य वेगळे मिळते. बाकी डाळ, तेल, मसाला, भाजी आणि चुलीचे इंधन, सगळे या पावणेसात रुपयांत. एका कटिंग चहाला यापेक्षा जास्त लागतात.

तेही वेळेवर येत नाहीत. अनेक शाळांत भाजीचे पैसे मुख्याध्यापक आधी खिशातून घालतात आणि महिनोन्महिने वाट पाहतात. मग भाजी म्हणजे काय? जी टिकते ती. पुन्हा आलू.

अंगणवाडीत याहून निराळे नाही. पूरक आहारासाठी बालकामागे दिवसाला आठ रुपये, हा दर २०१७ चा. गरोदर आणि स्तनदा मातेला साडेनऊ. तेव्हापासून टमाट्याचा भाव किती वेळा शंभरी पाहून आला?

आणि हे आठ रुपये जातात कोणाकडे? अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. गावातल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी शिजवावे, हा त्यामागचा विचार. तरी महाराष्ट्रात काय झाले? फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला सुमारे ६,३०० कोटींची घरपोच आहाराची निविदा रद्द करावी लागली. अटी अशा होत्या की गावचे बचत गट दारातच अडावेत आणि मोठे पुरवठादार आत यावेत. न्यायालयाला पंधरा वर्षांत तेच पुन्हा सांगावे लागते, तेव्हा चूक नजरचुकीची नसते.

बंद पाकिटात पूड येते. ती पाण्यात कालवून द्यायची. मुले तोंड फिरवतात. शेजारच्या धुऱ्यावर शेवग्याचे झाड उभे असते. त्याची पाने, त्याच्या शेंगा अंगणवाडीने विकत घ्यायच्या तर त्यासाठी पावती कुठली आणि खाते कुठले?

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बिनबोभाट प्रत्येक तांड्यावर पोहोचते. पाच रुपयांचा कुरकुरीत खाऊचा पुडा. त्याला रस्ता अडत नाही, वीज लागत नाही, तो चार महिने सडत नाही. वितरक आठवड्याला फेरी मारतो, दुकानदाराला उधारीवर माल देतो. आईला मुलाची कटकट पाच रुपयांत थांबवता येते. तिला उपदेश करण्याआधी पाच रुपयांत तिला दुसरे काय मिळते ते सांगा.

‘परसबाग लावा’ हा दुसरा उपदेश. उमेदच्या बचत गटांनी अनेक गावांत पोषण परसबागा खरोखर फुलवल्या आहेत, त्या बायकांना सलाम. पण परस असेल तिथेच परसबाग. सरकारी घरकुल किमान २६९ चौरस फुटांचे. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याचे घर. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी ५५ लिटर पाणी. पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणी, गुरे असतील तर तीही. सांडपाण्यावर चार वेल येतील. दोन किलो भाजी येणार नाही. भूमिहीनाला बाग लावायला सांगणे म्हणजे अडचण त्याच्याच अंगणात ढकलून मोकळे होणे. आणि अंगण नाही, हीच अडचण आहे.

रस्त्यांचे बोला, असे कोणी म्हणेल. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जवळपास शंभर किलोमीटर जातो. जून २०२५ मध्ये तो ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. नागपूरहून मुंबई आठ तासांत. दुचाकीला, तीनचाकीला, ट्रॅक्टरला त्यावर मनाई आहे. वेगवान रस्त्यावर ती योग्यच. पण वाशिमची भाजी ज्या वाहनांतून फिरते ती हीच तीन वाहने. त्यांच्या वाट्याला आलेले गाव ते गाव रस्ते पावसाळ्यात एकदा पाहून या.

माल दूर नेण्याला मदतही मिळाली. २०२० मध्ये किसान रेल सुरू झाली, फळे-भाजीपाल्याच्या वाहतूक खर्चात ५० टक्के सवलत मिळाली. दानापूरला, दिल्लीला माल पोहोचावा म्हणून अर्धे भाडे सरकारने सोसले. शेतापासून पाच किलोमीटरवरच्या शाळेत तोच माल पोहोचावा म्हणून कोणी किती सोसले? मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे, उत्तम निर्णय. पण पहाटे भाज्यांच्या टोपल्या घेऊन निघायला गावात गाडीच येत नसेल, तर अर्धे तिकीट कशाचे?

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आले. बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय उघडले गेले. त्याच दौऱ्यात वाशिममधून पीएम-किसानचा अठरावा हप्ता देशभर सोडला गेला. सुमारे वीस हजार कोटी रुपये, नऊ कोटींहून जास्त शेतकऱ्यांना. शेतकऱ्याला दोन हजार मिळाले, आनंद आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला काय मिळाले? त्याच शेतात तो आणि त्याची बायको राबतात. हप्ता जमिनीला आहे, पोटाला नाही.

वाशिम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. तिथे गुण मिळतात. आरोग्य व पोषण हा एक रकाना, त्याला ३० टक्के वजन. शेती व जलस्रोत हा दुसरा, त्याला २०. दोन रकाने, दोन बैठका, दोन अधिकारी. शेतीवाला उत्पादन मोजतो, पोषणवाला मुलांचे वजन मोजतो. दोघांच्या मधल्या ओळीत मेथीची जुडी पडून आहे, ती कोणाच्याच तक्त्यात नाही.

हे सुटण्यासारखे आहे का? आहे. दुसऱ्यांनी सोडवलेले आहे.

ब्राझीलने २००९ मध्ये कायदा केला. शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्क्यांची खरेदी थेट लहान शेतकरी कुटुंबांकडून. मुलाला ताजे मिळाले, शेतकऱ्याला बारमाही गिऱ्हाईक मिळाले. कोणाला वेगळे अनुदान लागले नाही. पैसा तोच, फक्त त्याने रस्ता बदलला.

इतके दूर नको असेल तर तमिळनाडू पाहा. १९९९ मध्ये तिथे उझवर संदै, म्हणजे शेतकऱ्यांचे बाजार, सुरू झाले. ओटा, काटा, रोजचा दरफलक आणि सरकारी बसमधून माल आणण्याची सोय. मधला अडत्या वगळला. त्याच वर्षी आंध्रात रयतु बाजार उभे राहिले. पंचवीस वर्षे झाली. आपण अजून पाहणी दौरे काढणार का?

वाशिमला काय लागेल? पाच गोष्टी, आणि एकीसाठीही नवा शोध लागायचा नाही.

शाळा, अंगणवाडी आणि वसतिगृहांची भाजी पंचक्रोशीतल्या बचत गटांकडून, दर महिन्याला ठरलेल्या भावाने. पैसे आगाऊ, थकीत नाही.

मोठ्या गावात रोजची गुजरी. छप्पर, ओटा, पाणी, काटा. एका सभामंडपाच्या खर्चात अशा किती होतील, ते एखाद्या आमदारानेच सांगावे.

भाजीच्या दहा-वीस गुंठ्यांना सामाईक कुंपण आणि दिवसा वीज. भूमिहीन बायकांच्या गटाला गावठाणाजवळची पाण्याची जमीन भाड्याने, ग्रामपंचायतीच्या हमीवर.

रेशनच्या पोत्यात जिल्ह्याची ज्वारी आणि जिल्ह्याची तूर.

शाळेतल्या मुलामागचे पावणेसात आणि अंगणवाडीतले आठ रुपये वाढवून बाजारभावाशी जोडणे. आमदारांचे वेतन वाढते तेव्हा दर बदलता येतात, हे आपण पाहिले आहे.

पैसा कुठून? जिल्हा नियोजन समितीकडे दरवर्षी निधी असतो, मार्चअखेर तो संपवण्याची घाईही असते. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीत येतो. सिमेंटचा रस्ता उखडून पुन्हा करायला तो पुरतो. मुलाच्या ताटात ५० ग्रॅम भाजी घालायला मात्र तरतूद नसते.

सोयाबीनचा भाव पडला की मोर्चा निघतो, विधानसभेत आवाज होतो. व्हायलाच हवा. पण ताटातून भाजी गेली तेव्हा कोणी रास्ता रोको केला? भाजी एका दिवसात जात नाही, म्हणून तिची बातमी होत नाही. आणि जिच्या ताटातून ती आधी जाते ती बाई सगळ्यांत शेवटी जेवते, म्हणून घरातही ते कळत नाही.

तेव्हा सुरुवात गावातूनच करावी लागेल. पुढच्या ग्रामसभेत उभे राहून एकच प्रश्न विचारा: आपल्या शाळेतल्या आजच्या खिचडीतली भाजी कोणाच्या शेतातली? उत्तर आले, तर त्या शेतकऱ्याचे पैसे वेळेवर मिळाले का ते विचारा. उत्तर आले नाही, तर ठराव मांडा, सह्या घ्या, नोंदवहीत लिहून घ्या आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेला द्या.